संधिवाताची आग मोजावी कशी?

संस्थेच्या चालकांनी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कुटुंबातील लहानथोरांस उपयोगी पडेल असा एखादा पाठ लिहून देण्यास आम्हांस सांगितले. आम्ही व्यवसायाने शिक्षक. नाडी पाहणे हा आमचा धंदा नव्हे. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे. परंतु मोजणे, तुलना करणे आणि गणित मांडणे ही कामे शाळेतच शिकविली जातात, आणि संधिवाताच्या एका प्रकारात रोग्याचे पुढील वीस-तीस वर्षांचे आयुष्य नीट मोजण्यावर अवलंबून असते. म्हणून हा विषय निवडला आहे.

'संधिवात' हा शब्द आपल्याकडे एखाद्या मोठ्या पोत्यासारखा वापरला जातो. म्हातारपणी गुडघे झिजले तरी संधिवात, रक्तात युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजला तरी संधिवात, चिकुनगुनियाच्या तापानंतर सांधे धरले तरी संधिवातच. यांपैकी ज्याला डॉक्टर लोक रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तेवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे. हे नाव आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने १८५९ साली रूढ केले. आपल्याकडे माधवकरांच्या 'माधवनिदान' ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि युनानी हकीम सांधेदुखीस 'वजा-उल-मफासिल' म्हणत आले आहेत. परंतु ही नावे आणि आजचा हा रोग तंतोतंत एकच, असे समजू नये.

या रोगात शरीराचे संरक्षण करणारे सैन्यच घरच्यांवर उलटते. सांध्याच्या आतील मऊ अस्तरावर त्याचा हल्ला होतो, अस्तर सुजते, जाड होते, आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान तो सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. तो फार दुर्मिळ आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर फिरून पाहणी केली, तेव्हा प्रौढ माणसांत शेकडा सुमारे अर्धा, म्हणजे दोनशेंत एक, असे त्याचे प्रमाण दिसले. आपल्या संस्थेच्या सभासद-कुटुंबांची यादी डोळ्यांपुढे आणली तर त्यात दोन-चार तरी रोगी निघावेत.

आता मुख्य गोष्ट. या रोगात दोन गोष्टी नेहमी वेगळ्या ठेवाव्या लागतात: आज पेटलेली आग आणि पूर्वी जळून गेलेली तुळई. आग म्हणजे रोगाची सक्रियता. ती औषधाने विझते. जळालेली तुळई म्हणजे वाकडी झालेली बोटे आणि झिजलेले हाड. ते पूर्ववत होत नाही. एखाद्या आजीबाईंची बोटे पार वळलेली असतात, पण आग कधीच शांत झालेली असते. उलट एखाद्या नव्या सुनेचे हात दिसायला सरळ, गोरेगोमटे असतात, पण सकाळी उठल्यावर तिला पिठाचा गोळा दाबता येत नाही, बादलीची कडी पकडता येत नाही. आणि दहा वाजेपर्यंत हात मोकळे झाले की ती सर्व कामे करते. घरातील मंडळी म्हणतात, सकाळच्या कामाचा आळस आहे. वास्तविक तिच्या हातांत आग धडधडत असते आणि तुळया अजून शाबूत असतात, म्हणजे वाचविण्याची वेळ नेमकी तीच असते. हाडाचे नुकसान पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. ज्या घरात अशा मुलीला 'नाटकी' म्हटले जाते, त्या घरात ही वेळ वाया जाते.

सकाळचा ताठरपणा ही या आगीची घरगुती खूण. झिजेच्या गुडघ्यास उठल्यावर पाच-दहा मिनिटे जड वाटते. या रोगात तास तास लागतो. आमच्या घरांत फजरच्या नमाजाच्या वेळी ही गोष्ट चटकन ध्यानात येते. वजू करताना नळ फिरविण्यास मनगट साथ देत नाही, सजद्यातून उठताना तळहात जमिनीवर टेकवत नाही. तोच माणूस दुपारच्या नमाजाला बराच सुधारलेला असतो. शेजारच्या घरी हेच भाकरी थापताना किंवा तुळशीपुढे रांगोळी काढताना दिसते. परंतु अशा खुणेवर हिशेब मांडता येत नाही. एक बाई 'तासभर' म्हणते ती पाऊण तासाला, दुसरी दोन तासांना. डॉक्टरांना असे माप हवे होते की जे मुंबईत आणि लंडनमध्ये, आज आणि सहा महिन्यांनी, सारखेच लागू पडेल.

असे माप शोधण्याचे प्रयत्न गेल्या शतकात पुष्कळ झाले. ग्लासगो येथील रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली सांधे दाबून गुण देण्याची पद्धत घातली: दाबल्यावर काहीच नाही तर ०, दुखते असे रोगी म्हणाला तर १, म्हणाला आणि चेहरा आक्रसला तर २, चेहरा आक्रसून सांधाच मागे ओढून घेतला तर ३. परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर गुण द्यावेत तसेच हे. पुढे हॉलंडमधील नायमेगेन येथे १९९० साली एक सूत्र तयार झाले. त्यामागची युक्ती आम्हांस फार आवडली. तेथील संशोधकांनी आधी सूत्र बनवून डॉक्टरांवर लादले नाही. अनुभवी डॉक्टर औषध केव्हा वाढवितात आणि केव्हा 'आहे ते ठीक' म्हणतात हे त्यांनी पाहिले, आणि या निर्णयांशी कोणत्या तपासण्या किती जुळतात याचे गणित केले. म्हणजे जाणत्या माणसाच्या मनातला अंदाजच त्यांनी आकड्यांत उतरविला. १९९५ साली याच सूत्राची २८ सांध्यांची आटोपशीर आवृत्ती निघाली. तिला 'डास-२८' म्हणतात. आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

अठ्ठावीस सांधे कोणते ते मुलांनी आपल्याच अंगावर मोजून पाहावे. दोन खांदे, दोन कोपरे, दोन मनगटे, दोन गुडघे, हे झाले आठ. बोटे तळहातास जेथे जोडली जातात तेथील सांधे, दोन्ही हातांचे मिळून दहा. बोटांच्या मधले सांधे (अंगठ्याला एकच मधला सांधा असतो, तो धरून) आणखी दहा. एकूण २८. नखाजवळचे सांधे यात नाहीत, कारण हा रोग बहुधा तेथे जात नाही. तेथील गाठी झिजेच्या असतात. डॉक्टर प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबतात. किती दाबावे? दाबणाऱ्याचे स्वतःचे नख पांढरे पडेल इतके, हा नियम आहे. दुखला तर तो 'दुखऱ्या' सांध्यांत धरतात. मग सूज वेगळी पाहतात. ही सूज हाडासारखी टणक नसते, पाणी भरलेल्या पिशवीसारखी मऊ लागते. एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूस फुगते. दुखरे किती आणि सुजलेले किती, असे दोन आकडे निघतात, आणि ते दोन्ही वेगळे लिहून ठेवावयाचे असतात. दुखणे रोगी सांगतो, सूज डॉक्टराच्या बोटांना कळते.

तिसरा आकडा रक्ताचा, ई. एस. आर. हा प्रयोग इतका साधा आहे की विज्ञानाच्या तासाला समजावून देण्यास मोह व्हावा. सोडियम सायट्रेट घालून न गोठणारे केलेले रक्त २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या बारीक नळीत उभे ठेवतात आणि एक तासाने वर किती मिलिमीटर पिवळसर द्रव मोकळा झाला ते वाचतात. तांबड्या पेशी जितक्या लवकर खाली बसतील तितका आकडा मोठा. आता त्या लवकर का बसतात? शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन अधिक बनविते. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चवडीप्रमाणे एकमेकींस चिकटतात, आणि चवड सुट्या नाण्यापेक्षा वेगाने बुडते. पोलंडमधील बिएर्नाट्स्की यांनी १८९७ मध्ये आणि पुढे स्वीडनमधील फॉरेउस यांनी १९१८ व वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये हा प्रयोग वैद्यकात आणला. शंभर वर्षे होऊन गेली तरी तो टिकला आहे. याच्या जागी सी. आर. पी. हे दुसरे माप कित्येक ठिकाणी घेतात. ते १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडले. ते दाहाबरोबर काही तासांत चढते आणि दाह ओसरला की भराभर उतरते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. 'आर. ए. फॅक्टर' आणि 'अँटी-सी. सी. पी.' या तपासण्या रोग ओळखण्यासाठी आहेत, रोजची आग मोजण्यासाठी नव्हेत. दर महिन्यास आर. ए. फॅक्टर तपासून 'अजून पॉझिटिव्हच आहे' म्हणून हताश होणारे लोक आम्ही पाहिले आहेत. रोग पूर्ण शांत झाल्यावरही ती तपासणी तशीच राहू शकते. तिच्यावर वारंवार पैसे घालू नयेत.

चौथा आकडा रोग्याचा स्वतःचा. कागदावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ असते. डाव्या टोकास 'अगदी ठीक', उजव्या टोकास 'अत्यंत वाईट'. आजाराचा विचार करता आज तुम्ही कसे आहात, तेथे खूण करावयाची. ही सर्वांत सोपी परीक्षा असून तीच सर्वांत चुकीची दिली जाते. आपल्या घरच्या बायका 'कसे आहे?' विचारले की 'बरे आहे' म्हणतात, सवयच तशी. डॉक्टरांपुढे सासू किंवा नवरा बसलेला असला म्हणजे खूण आणखी डावीकडे सरकते. उलट, घरात मयत झालेली असली किंवा झोप लागत नसली तर तीच खूण सांध्यांचा काही संबंध नसताना उजवीकडे जाते. म्हणून बरोबर आलेल्या माणसाने त्या वेळी दोन मिनिटे बाहेर जाऊन बसावे, हे उत्तम.

आता गणित. डास-२८ काढण्यासाठी दुखऱ्या सांध्यांचे वर्गमूळ ०.५६ ने गुणावे, सुजलेल्या सांध्यांचे वर्गमूळ ०.२८ ने गुणावे, ई. एस. आर.चा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.७० ने गुणावा, रेघेवरचे मिलिमीटर ०.०१४ ने गुणावेत, आणि चारही गुणाकारांची बेरीज करावी. (शाळेच्या कोष्टकात दहाच्या पायाचा लॉगॅरिथम असतो, तो २.३०३ ने गुणला की नैसर्गिक मिळतो.) वर्गमूळ कशासाठी? कारण शून्यावरून एक दुखरा सांधा होणे ही मोठी बातमी आहे, सोळाचे सतरा होणे ही तेवढी मोठी नव्हे. या सूत्रात ० वरून १ वर जाण्यास जेवढे गुण, तेवढेच १६ वरून २५ वर जाण्यास. लॉगॅरिथमचेही तसेच, ई. एस. आर. १० चा २० झाला काय किंवा ५० चा १०० झाला काय, बेरजेत वाढ सारखीच, सुमारे ०.४९.

एक उदाहरण मांडू. समजा, एका बाईंचे ९ सांधे दुखरे, ४ सुजलेले, ई. एस. आर. ५० आणि रेघेवर ६०. म्हणजे १.६८ अधिक ०.५६ अधिक २.७४ अधिक ०.८४, एकूण ५.८२. ५.१ च्या वर गेले की रोग तीव्र सक्रिय, ३.२ ते ५.१ मध्यम, ३.२ पर्यंत सौम्य, आणि २.६ च्या खाली शांत. तेव्हा या बाई तीव्र गटात. औषधे सुरू झाली. तीन महिन्यांनी ४ दुखरे, १ सुजलेला, ई. एस. आर. २८, रेघेवर ३०. बेरीज ४.१५. बाई म्हणतात, मला पुष्कळ बरे वाटते, आणि ते खरेही आहे, कारण १.२ पेक्षा अधिक उतार ही खरी सुधारणा मानतात. पण ४.१५ ही मध्यम आग आहे. येथे थांबले तर हाडे कुरतडणे चालूच राहील. डॉक्टर औषध वाढवितात. सहा महिन्यांनी १ दुखरा, एकही सुजलेला नाही, ई. एस. आर. २०, रेघेवर १५. बेरीज २.८७. सौम्य, शांत अजून नाही. या तीन आकड्यांशिवाय बाईंचे तिन्ही वेळचे उत्तर एकच असते: 'आधीपेक्षा बरे आहे.'

सूत्र चांगले आहे म्हणून ते निर्दोष आहे असे नाही. पहिला दोष आपल्या स्त्रियांच्या पांडुरोगाचा. रक्तात पेशीच कमी असल्या तर त्या लवकर खाली बसतात, आणि सांध्यांत काही नसतानाही ई. एस. आर. ४० येतो. त्या ४० चेच सूत्रात २.५८ गुण होतात, म्हणजे सांधे कोरे असूनही 'शांत'ची पायरी अडून बसते. म्हणून हिमोग्लोबिनचा कागद सोबत न्यावा. दुसरा दोष याच्या उलट. एखाद्याचे ४ सांधे सुजलेले आहेत पण दुखत नाहीत, ई. एस. आर. ५ आहे आणि रेघेवर १० आहे. बेरीज येते १.८३. सूत्र म्हणते शांत, आणि हाताला चार ठिकाणी सूज लागते! तिसरा दोष पावलांचा. २८ सांध्यांत पावले आणि घोटे नाहीत. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना चवड्याखाली खडे टोचल्यासारखे होते, ही तक्रार या रोगात फार आढळते. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी मोजे काढून पावले दाखवावीत.

या अडचणींमुळे व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी वर्गमुळे आणि लॉगॅरिथम टाकून साधी बेरीज पुढे केली. २००५ सालच्या 'सी-डाय' या मापात रक्ताची तपासणीच नाही. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रोग्याचे दहापैकी गुण आणि डॉक्टरांचे दहापैकी गुण मिळवावयाचे. २२ च्या वर तीव्र, १० च्या वर मध्यम, २.८ च्या वर सौम्य आणि २.८ किंवा कमी म्हणजे शांत. वरील बाईंना डॉक्टरांनी तीन वेळा ५, ३ आणि १ गुण दिले असे धरले तर बेरजा २४, ११ आणि ३.५ येतात, म्हणजे पूर्वीचेच गट. ज्या गावात प्रयोगशाळा नाही तेथेही हे माप चालते, आणि रोग्यापुढेच दोन मिनिटांत उत्तर मिळते. आमचा कल या मापाकडे आहे हे कबूल करतो; जे गणित रोग्याला स्वतः पडताळून पाहता येते त्यावर त्याचा विश्वास अधिक बसतो. २०११ मध्ये अमेरिकन व युरोपियन संस्थांनी मिळून 'शांत' या शब्दाची आणखी कडक व्याख्या केली: दुखरा सांधा एकापेक्षा अधिक नको, सुजलेला एकापेक्षा अधिक नको, सी. आर. पी. दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, आणि रोग्याचे गुण दहापैकी १ पेक्षा अधिक नकोत. यातील शेवटची अट २०२२ मध्ये २ पर्यंत सैल केली. आपल्या प्रयोगशाळा सी. आर. पी. बहुधा दर लिटरला छापतात. तेथे १ च्या जागी १० वाचावे, नाहीतर दहापट घोटाळा होतो.

एवढे मोजून खरोखर फरक पडतो काय? याचे उत्तर ग्लासगो येथेच मिळाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे ११० रोग्यांचे दोन गट केले. एका गटास दर महिन्यास बोलावून गुण काढावयाचे आणि आकडा ठरलेल्या रेषेच्या वर असला की औषध वाढवावयाचे. दुसऱ्यास नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी पाहावयाचे, गुण न काढता. औषधे दोन्हींकडे जुनी, परिचयाचीच होती. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातील शेकडा ६५ रोगी शांत झाले होते, दुसऱ्यातील शेकडा १६. कोणतेही नवे औषध न शोधता हा फरक पडला. तेव्हापासून आग चालू असेतो दर एक ते तीन महिन्यांनी मोजणे, तीन महिन्यांत उतार नसला किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठले नाही तर उपचार बदलणे, अशी पद्धत सर्वत्र पडली आहे.

सांध्यांचे गुण एकीकडे, पण माणूस दिवसभर काय करू शकतो हेही पाहावे लागते. अमेरिकेत त्यासाठी १९८० पासून एक प्रश्नावली होती. तिच्यातील प्रश्न तिकडच्या राहणीचे. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००२ साली तिला भारतीय रूप दिले. त्यात मांडी घालून किंवा उकिडवे बसता येते काय, रिक्षात चढता-उतरता येते काय, भाजीबाजार करता येतो काय, असे आपले प्रश्न आले. नमाजाला बसणारा, पंगतीत बसणारा, दोघांचेही उत्तर त्यात सापडते.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. एक दोनशे पानी वही घालून तिच्यात प्रत्येक भेटीची तारीख, दुखरे, सुजलेले, ई. एस. आर. आणि रेघेवरचा आकडा लिहावा. डॉक्टरांनी आकडा सांगितला नाही तर विनयाने विचारावा. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. तपासणीस जाण्यापूर्वी कोणी सांगितले म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत. त्याने त्या दिवशी सूज लपते आणि डॉक्टर खोट्या आकड्यावर निर्णय घेतात. मात्र डॉक्टरांनीच दिलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नये. मेथोट्रेक्सेट हे या रोगातील मुख्य औषध बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जीवावर बेतते. त्याचा वार वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावा, आणि घरातील एका शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे ती जबाबदारी द्यावी.

आकडा शांत झाल्यावर 'आता औषध कशाला?' हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. शांत स्थिती काही महिने टिकली तर डॉक्टर प्रथम स्टेरॉइड आणि मग एकेक औषध बेताबेताने उतरवितात. सगळी एकदम सोडली तर पुष्कळांस आग पुन्हा पेटते, आणि ती पेटल्याचे सकाळच्या पिठाच्या गोळ्यावरून कळेपर्यंत कधीकधी एक-दोन महिने निघून जातात. म्हणून औषध उतरविताना सांधे मोजण्याच्या फेऱ्या कमी न करता उलट जवळ जवळ आणाव्या लागतात.